वहीचं उजवं पान

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. काकू म्हणजे आमच्या डोंगरे सरांच्या पत्नी. सर जाऊन वर्ष होत आलं. काकू म्हणाल्या, घर आवरायला काढलंय, सरांच्या कपाटात तुझी एक वही निघाली, येऊन घेऊन जा. मी म्हटलं, घाला ना रद्दीत, माझ्या वहीचं एवढं काय. त्यावर त्या म्हणाल्या, रद्दीत घालायची असती तर तुला फोन कशाला केला असता. मास्तरच्या घरात पन्नास वर्षं काढलेल्या बाईशी कोण वाद घालणार! रविवारी येते म्हटलं.

मी अकोल्यात राहून पंचवीस वर्षं झाली, पण मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलं की मला अजूनही पाहुणी आल्यासारखं वाटतं. एका वळणावर मिरची कांडल्याचा ठसका, पुढच्या वळणावर अत्तराच्या दुकानाचा वास, मग कढईतल्या भज्यांचा, मग बंद गोदामातून येणारा सरकीचा. याच गल्ल्यांतून मी संशोधनाच्या काळात खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून हिंडले. माणसं एकमेकांना बोलून पटवतात कशी, हा माझा विषय. कीर्तनकार पूर्वरंगात काय पेरतो आणि उत्तररंगात काय उगवून आणतो, मुशायऱ्यात शायर एकच ओळ दोनदा का म्हणतो, भाजीबाजारातली बाई गिऱ्हाईक दोन पावलं पुढं गेल्यावर नेमकी कोणती हाक मारते, हे सगळं मी गोळा केलं. प्रबंधाचं नाव दीड ओळीचं होतं. बाबा गावात सांगायचे, पोरगी लोकाइचं बोलनं जमा करते. मला वाटतं त्यांचंच नाव बरं होतं.

काकूंनी दार उघडलं, माझ्या पाठीवर हात ठेवला, मला बसवलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवून चहा टाकायला आत गेल्या. दोनशे पानी वही, खाकी कव्हर, कोपरे उंदरानं चाखलेले. वरच्या चिकटपट्टीवर माझं माहेरचं नाव, बी.ए. भाग तीन. अक्षर बघून माझं मलाच हसू आलं. तेव्हा मी प्रत्येक वेलांटीला वरती एक गोल काढायचे. मला तो फार सुंदर वाटायचा.

वही मी उघडली नाही. आत काय आहे ते मला पाठ होतं. एक डावं पान भरलेलं आणि त्याच्यासमोरचं उजवं पान कोरं. त्या कोऱ्या पानाची मला तीस वर्षं लाज वाटत आली होती. स्वतःच्या बापासमोर स्वतःचं म्हणणं मांडायची वेळ आली तेव्हा मला एक ओळ सुचली नाही, आणि पुढं जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांना म्हणणं कसं मांडायचं ते शिकवत बसले.

डोंगरे सर आम्हाला अमरावतीला निबंध शिकवायचे. निबंधाचा तास म्हणजे झोपेचा तास, असा कॉलेजात रिवाज होता. सरांच्या तासाला मात्र कोणी झोपत नसे, कारण सर शिकवत कमी आणि कामाला लावत जास्त. मूर्ती लहान, आवाज त्याहून लहान. शर्टाच्या खिशाला लाल शाईचा कायमचा डाग. आठवडाभर कॉलेजजवळच्या खोलीत एकटे राहायचे, स्टोव्हवर खिचडी शिजवायचे आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं आमच्या वह्यांची पिशवी घेऊन अकोल्याला घरी जायचे. सोमवारी वह्या परत यायच्या तेव्हा त्यांना काकूंच्या फोडणीचा वास लागलेला असायचा. होस्टेलच्या जेवणावर जगणाऱ्या आम्ही पोरी वह्या आधी हुंगायचो आणि मग शेरे वाचायचो.

सरांची एक रीत होती. वही उघडली की डावं पान समोरच्याचं आणि उजवं आपलं. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचं म्हणणं आधी डाव्या पानावर लिहायचं, आणि इतकं नीट लिहायचं की त्यानं स्वतः वाचून खाली ‘मान्य’ लिहून सही करावी. ती सही येत नाही तोवर उजव्या पानाला पेन लावायचं नाही. सर सांगायचे, आपले जुने शास्त्रकार असंच करत. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि मग उत्तरपक्ष. काही मतांचे मूळ ग्रंथ केव्हाच गेले, पण त्यांच्या विरोधकांनी पूर्वपक्ष इतका इमानदारीनं लिहून ठेवला की ती मतं त्यातूनच आपल्यापर्यंत आली. हे सांगताना सरांचा आवाज आणखी बारीक व्हायचा.

आम्हाला तेव्हा त्याचं काय कौतुक! आमची सगळी धावपळ सह्यांसाठी. मी पहिला निबंध मेसमधल्या रोजच्या वांग्याच्या भाजीविरुद्ध लिहायला घेतला आणि स्वयंपाकाच्या मावशींकडे डावं पान घेऊन गेले. वांगी सोपी पडतात म्हणून तुम्ही करता, असं मी लिहिलं होतं. मावशींनी शेजारच्या पोरीकडून ते वाचून घेतलं आणि वही माझ्या अंगावर टाकली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला ओट्याजवळ बसवलं आणि सगळ्या भाज्यांचा हिशेब सांगितला. कोणत्या दिवशी काय केलं, किती पोरींनी ताटात टाकलं, आणि वांग्याचं पातेलं तेवढं कसं पुसून रिकामं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा उठवला. उजव्या पानावर लिहायला मग माझ्याकडे काही उरलंच नाही. सरांनी त्या निबंधाला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. बाकीच्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

एकदा तासाला मी सहज सांगितलं की आमचे बाबा असंच बोलतात. आमचं गाव शेंदूरजनाघाट, घरची संत्र्याची बाग. बहार तयार झाला की व्यापारी बाग बघायला यायचे. व्यापारी येतो तो बागेत खोट काढायलाच. बाबा त्याला बोलूच द्यायचे नाहीत. तेच आधी त्याला खोटीच्या झाडांकडे घेऊन जायचे. या ओळीवर कोळशी आली होती, पानं अजून काळी आहेत, पाहून घ्या. या चार झाडांना डिंक सुटला. त्या कोपऱ्यातलं फळ बारीक आहे, मी घेणार असतो तर मीही नाक मुरडलं असतं. व्यापाऱ्यानं घरून तयार करून आणलेलं सगळं बाबांच्याच तोंडून निघून जायचं आणि तो बिचारा रिकाम्या हातानं उभा राहायचा. मग बाबा त्याला बागेच्या मधोमध न्यायचे, जिथं फांद्या टेकू लावून धरलेल्या असायच्या, आणि तिथं एक शब्दही बोलायचे नाहीत. सौदा ठरला की खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसून एवढंच म्हणायचे, “जमलं.” मी लहानपणापासून झाडाखाली गोणपाटावर बसून हे ऐकलेलं.

सरांनी हे माझ्याकडून तीनदा सांगून घेतलं. तिसऱ्यांदा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, अगं, तुझे वडील पूर्वपक्ष मांडतात. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी अशी फुगले की काही विचारू नका.

आणि त्याच बाबांनी मला शेवटच्या वर्षी एका शब्दात नाही म्हटलं. अकोटचं स्थळ आलं होतं. जिनिंगवाले, चांगली माणसं, मुलगा बघायलाही बरा. मला एम.ए. करायचं होतं, त्याच्या पुढंही शिकायचं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. आईनं गुपचूप भाकरी आणून ठेवली, ती मी गुपचूप खाल्ली, पण बाबांसमोर ताटाला हात लावला नाही. मग पाय आपटत अमरावतीला आले आणि सरांना म्हटलं, तुम्हीच बोला आता त्यांच्याशी. सर म्हणाले, “मी कशाला? वही काढ.”

मला त्या दिवशी त्यांचा असा राग आला! माझं आयुष्य चुलीत जायला निघालंय आणि यांना निबंध सुचतोय. पण सरांनी सांगितलं आणि केलं नाही असं कधी झालं नव्हतं. मी डाव्या पानावर लिहिलं की पोरीला शिकवलं तर लोक काय म्हणतील असं बाबांना वाटतं. पुढच्या सुट्टीत घेऊन गेले. डिसेंबर होता. बागेला ताण दिलेला, म्हणजे पाणी तोडलेलं. झाडं पानं मुडपून उभी होती आणि जमिनीला भेगा पडल्या होत्या. पाणी तोडल्याशिवाय झाड फुलावर येत नाही म्हणतात, पण ते दिवस बागेत बघवत नाही. बाबांनी बांधावर बसून वाचलं, वही परत दिली आणि म्हणाले, हे माहं नाई, हे तुह्या मावशीचं हाय. दुसऱ्यांदा मी लिहिलं की वय निघून जाईल याची त्यांना काळजी आहे. त्यावर ते म्हणाले, हे तं पारावरचा कोनीबी लिहीन.

तिसऱ्यांदा मी होस्टेलच्या गच्चीवर बसून खरोखरच विचार केला, हा माणूस कशाला भितो. आणि मला काका आठवले. बाबांचा धाकटा भाऊ. बाबांनीच त्यांना पुण्याला शिकायला पाठवलं होतं. दिवाळीला काका घरी यायचे आणि गोड, स्वच्छ, पुस्तकासारखं बोलायचे. मग आमचे बोलघेवडे बाबा, ज्यांनी अख्खा बाजार बोलून आडवा केलेला, ते काकांसमोर हो, नाही, बरं, एवढंच म्हणायचे. पानसुपारी व्हायची आणि भेट संपायची. मीही पहिल्या वर्षानंतर घरी गेले तेव्हा जरा काकांसारखीच बोलले होते. तेव्हा बाबा उठून विहिरीकडे गेले होते. मला वाटलं होतं मोटर बंद करायला गेले.

मी लिहिलं की पोरगी शिकली तर परत येईल, भेटेल, पाया पडेल, पण माझ्याशी बोलायला तिच्याकडे आमच्या घरचं बोलणं उरणार नाही. अकोटला दिली तर जशी गेली तशी दिवाळीला येईल आणि माझ्या बाजूला गोणपाटावर बसून माझ्याशी बोलेल. मला भाऊ एकदा गमावून झाला. बाबांनी हे वाचायला फार वेळ लावला. मग पेन मागितलं. ‘मान्य’ लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली, सोसायटीच्या कागदावर करायचे तशी, लांबलचक.

झालं. त्या सहीसमोरच्या पानावर मी काय लिहिणार? कसं लिहिणार? मी सोमवारी सरांना वही दिली आणि म्हटलं, सर, सही आणली, पण माझं मला सुचत नाही. सरांनी वही पिशवीत टाकली. ठेव इथंच, म्हणाले.

त्यानंतरचे आठवडे मला अजून आठवतात. आईची रविवारची कार्डं यायची, गावातल्या कोणा शाळकरी पोराकडून लिहून घेतलेली. बाबा आज अकोटले गेले. पुढच्या पंधरवड्यात, बाबा परत अकोटले गेले. मग आणखी एक. मी कार्डं उशीखाली ठेवायचे आणि हळद, हिरवा चुडा, जिनिंगमध्ये उडणारी कापसाची धूळ, असलं सगळं डोळ्यांसमोर आणून रडायचे. फेब्रुवारीत घरी गेले तेव्हा ताण तोडून बागेला पाणी दिलेलं होतं आणि आंबिया बहार फुटला होता. ज्यानं संत्र्याची बाग फुलावर आलेली अनुभवली नाही त्याला तो वास सांगता येत नाही. वेशीवर बस थांबली की तो बसमध्ये चढतो. बाबा पाटाजवळ उभे होते. मला बघून म्हणाले, “जाय. शिक. अकोटले नाई सांगतलं.” आणि पाण्याचं बारं बदलायला, पाट पुढच्या ओळीकडे वळवायला गेले. सौदा झाल्यावर म्हणायचे तसं ‘जमलं’ मात्र म्हणाले नाहीत. मी एवढी आनंदात होते की ते ध्यानातच आलं नाही. आमच्या घरी हो मिळालं की का मिळालं ते विचारायचं नसतं.

कारण मीच ठरवून टाकलं. माझं डावं पान! बाबांना मी इतकं बरोबर ओळखलं, इतकं बरोबर लिहिलं, की ते विरघळले. पुढं मी अकोल्याच्या कॉलेजात लागले. सरांची रीत तशीच्या तशी उचलली आणि दर वर्षी पहिल्या तासाला ही गोष्ट पोरांना सांगितली. पोरांनो, मी माझ्या बापाला डाव्या पानानं जिंकलं. पंचवीस वर्षं सांगितली. सांगताना मान थोडी मागे जायची माझी, खोटं कशाला बोलू.

आता पोरं मोबाईलवरून क्षणात निबंध काढतात आणि मास्तर मंडळी कपाळाला हात लावतात. माझ्या वर्गात ती भानगड नाही. मोबाईल निबंध लिहील, पण समोरच्याची सही कुठून आणील? यंदा अकोटकडून बसनं येणारी एक मुलगी आहे. तिच्या फाट्यावर थांबा नाही, तो हवा म्हणून तिला अर्ज लिहायचा होता. मी म्हटलं, आधी कंडक्टरचं डावं पान. कंडक्टरनं चालू गाडीत तिचं पान वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं, शेजारच्या म्हाताऱ्याला वाचून दाखवलं आणि सही ठोकली. मग त्यानंच तिला सांगितलं की अर्ज कोणत्या साहेबाच्या नावे कर. मुलगी हे वर्गात सांगत होती आणि मला खिशाला लाल डाग असलेले सर आठवत होते. माझ्या हातून जे काही बरं झालं ते त्या खिशातून आलेलं आहे.

काकू चहा घेऊन आल्या. बशी माझ्यापुढं सरकवत सहज म्हणाल्या, तुझे बाबा चहा बशीत ओतून प्यायचे, आणि आधी बशीला नमस्कार करायचे. मी म्हटलं, हो, अजून करतात. आणि मग माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, काकू, तुम्ही बाबांना चहा पिताना कधी पाहिलं?

काकू म्हणाल्या, तीनदा. तीन रविवार. पिशवीभर संत्री घेऊन यायचे.

मग त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्यांदा बाबा आले ते तणतणतच. घरी अकोटला जातो असं सांगून, पहाटेची बस धरून, अमरावतीला गाडी बदलून, पत्ता विचारत विचारत. अमरावतीला कॉलेजात गेलं तर मला कळेल, म्हणून मुद्दाम रविवारी अकोल्याला. दारातूनच म्हणाले, मास्तर, माह्या पोरीले काय शिकवून राहिले तुमी? सरांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि वही त्यांच्यापुढं उघडून ठेवली. काकू म्हणाल्या, सरांचं ते बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. ते म्हणाले, “तुमचं म्हणणं तिनं लिहिलं आणि तुमची सही आणली. तिचं पान मात्र कोरं आहे. तुमचं वाचल्यावर तिला तुमच्याविरुद्ध लिहवेना. आता तिचं कोणी लिहायचं?”

बाबांनी वही जवळ ओढली. मग त्यांनी पेन मागितलं.

मी वही उघडली.

डावं पान जसं होतं तसंच होतं, वेलांटीवरच्या गोलांसकट. उजवं पान भरलेलं होतं. बाबा सातवी शिकलेले. अक्षर मोठं, रोपं लावल्यासारखं सुटं सुटं. वरच्या दोन ओळी: पोरीले शिकाची हौस हाय. मैत्रिनी शिकून राहिल्या म्हून तिलेई वाटते. त्यांवर लाल तिरपी रेघ आणि सरांचा शेरा, हे तिचं नाही. त्याखाली आणखी दोन ओळी: नोकरी लागली तं घराले हातभार होईन. पुन्हा लाल रेघ. हेही नाही, पुन्हा लिहा. माझ्या बाबांना, अख्खा बाजार ज्यांच्या शब्दाला मान देतो त्यांना, सरांनी दोनदा नापास करून बसच्या प्रवासाला परत धाडलं होतं. आणि बाबा परत आले होते.

तिसरं असं होतं:

“माह्या पोरीचं म्हननं. बाबा, तुमच्यापासून दूर जाचं म्हून मी शिकाले जाऊन नाई राहिली. मी लहान होती तवापासून तुमच्या मांगं बागेत बसून तुमचं बोलनं आयकलं. तुमी मानसाले कसं पटवता, भांडन कसं मिटवता, हे मी पाह्यलं. तुमाले ते येते, पन त्याले काय म्हनतात ते तुमाले मालूम नाई. मले ते मालूम करून घ्याचं हाय. मालूम पडलं का पयले तुमाले येऊन सांगीन. तुमाले भेव वाटते का मी काकासारखी बोलाले लागीन. मी तुमचंच बोलनं शिकाले जाऊन राहिली बाबा, मंग ते इसरीन कशी? अकोटचं घर चांगलं हाय. पन तिथं मी कोनाचं आयकू? मले हे तुमच्यासमोर बोलाची लाज वाटली म्हून मी चूप राह्यली.”

खाली सरांच्या लाल शाईत माझं नाव आणि दोन शब्द: सही बाकी.

काकूंनी माझ्या हातातली बशी काढून घेतली, कारण चहा साडीवर सांडत होता. मी विचारलं, मला का नाही दाखवलं कोणी? काकू म्हणाल्या, तुझ्या बाबांचीच अट होती. पोरीला शिकू द्या आधी, तिला उपकार वाटायला नको, म्हणाले. पुढं मी किती वेळा सरांना म्हटलं, आता देऊन टाका. देऊ, देऊ, म्हणायचे. शेवटी शेवटी तर वही कुठं ठेवली तेच त्यांना आठवेना, आणि त्याचं त्यांना फार लागायचं.

पुलावरून परत येताना मी रिक्षावाल्याला मध्येच थांबायला सांगितलं आणि उगाच मोर्णेच्या पाण्याकडे बघत उभी राहिले. बावीस वर्षांची ती मुलगी, जी बापासमोर बोलू शकली नाही, तिचं म्हणणं मी स्वतः केव्हाच हरवून बसले होते. मला तर आता वाटायला लागलं होतं की मला नोकरीसाठीच शिकायचं होतं. ते म्हणणं जसंच्या तसं राहिलं ते माझ्या विरोधकाच्या अक्षरात. सरांनी वर्गात पूर्वपक्षाबद्दल जे सांगितलं होतं ते मी इतकी वर्षं शिकवलं, आणि ते माझ्याच घरात घडलं होतं. आणि मी मान मागे टाकून सांगत होते की मी जिंकले.

पुढच्या रविवारी शेंदूरजनाघाटला गेले. आई आता नाही. बाबा पंच्याऐंशीचे आहेत, पुतण्याकडे राहतात, पण दिवसभर बागेतच असतात. नजर शाबूत, कान मात्र पार गेले. दोन वर्षांपासून मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिते आणि ते वाचून मोठ्यानं बोलतात. फोनवर बोलणं संपलं तेव्हा माझ्या जीवाला फार लागलं होतं, कारण तोवर दर रविवारी आम्ही बापलेक तासभर आमच्या बोलीत गप्पा मारायचो. त्यांची ती भीती काही खरी झाली नाही. बहार फुटलेला होता. वेशीवर वास बसमध्ये चढला.

मी गोणपाटावर त्यांच्या बाजूला बसले. वचन त्यांनी माझ्या वतीनं दिलेलं होतं, ते मी कधी पाळलं नव्हतं. प्रबंधात बागेच्या सौद्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं, पण बाबांना येऊन काही सांगितलं नाही. पाटी घेतली आणि लिहिलं: बाबा, तुमी व्यापाऱ्यापुढं करत होते त्याले पूर्वपक्ष म्हनतात.

बाबांनी वाचलं. “थे तं मले डोंगरे मास्तरनं तवाच सांगतलं,” ते म्हणाले. “तुले आता मालूम पडलं का?”

आम्ही दोघंही हसलो आणि मी पिशवीतून वही काढून त्यांच्या मांडीवर उघडी ठेवली. बाबांचं हसू थांबलं. त्यांनी उजव्या पानावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ ओठ हलवत वाचत गेले, दुसऱ्या कोणाचं लिहिलेलं वाचावं तसं. खाली पोचल्यावर माझ्याकडे पाहिलं. मी तोवर रडायला लागले होते.

“चुकलं का काई?” बाबांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. पेन काढलं, लाल अक्षरांच्या खाली ‘मान्य’ लिहिलं आणि पूर्ण सही केली, माहेरच्या नावानं. बाबांनी वही डोळ्यांजवळ नेऊन सही नीट तपासली. मग वही मिटली, दुपट्ट्याला दोन्ही हात पुसले आणि म्हणाले, “जमलं.”